सुरक्षेचा तास

दिवे लावले तेव्हा वीसपैकी एकोणीस कामगार पेंगत होते. शेवटच्या रांगेतला फिटर तेवढा टक्क जागा होता.

"तुम्हाला नाही झोप आली?" लॅपटॉप आवरताना मी विचारलं.

"आली होती. पण मॅडम... तुम्ही अगदीच एकट्या पडला असतात."

मी हसले, पण ते लागलं. या कारखान्यात प्रशिक्षणाचं काम घेऊन मला सात महिने झाले होते. दुपारी वरच्या ऑफिसच्या खिडकीशी एकटीनेच डबा उघडायचा, संध्याकाळी खोलीवर जायचं, आईने फोनवर "जेवलीस ना?" विचारलं की न जेवताच "हो" म्हणायचं... दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

"फार कंटाळवाणं होतं का?"

"नऊ वर्षं मशीन चालवणाऱ्यांना तुम्ही मशीनचं बटण दाखवता. त्यापेक्षा त्यांनाच विचारा ना, हात जाता जाता कधी वाचला?"

मी ऐकलं. पुढच्या बुधवारपासून पडद्यावरची चित्रं बंद. एकाने आपला प्रसंग सांगायचा, ऐन क्षणी थांबायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं, पुढे काय करायला हवं होतं. लोक हिरिरीने भांडू लागले. पेंगणारे वेळेआधी येऊन बसू लागले.

तास संपला की फिटर खुर्च्या लावायला थांबायचा. चार खुर्च्यांना दहा मिनिटं लावायचा; मीही घाई करत नसे. तो गेला की मात्र हॉल नको तेवढा मोठा वाटायचा.

या तुकडीच्या शेवटच्या बुधवारी फिटरची पाळी आली.

"मशीन दुरुस्त करत होतो. बंद न करता," तो खाली बघत म्हणाला. "समोर वरच्या खिडकीत एक बाई रोज एकटीच जेवते. त्या दिवशी तिने डबा उघडला... आणि न खाताच झाकण लावलं. माझं लक्ष तिकडे, हात मशीनमध्ये. सांगा, काय करायला हवं होतं?"

"आधी मशीन बंद," म्हातारा वेल्डर म्हणाला.

"बरोबर. मग?"

वेल्डर मिशीत हसला. "मग जिना चढायचा, गाढवा."

हॉलभर हशा पिकला. माझे कान तापले.

सगळे गेल्यावर मी हळूच विचारलं, "मग चढला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या... धीर झाला नाही."

"येतो म्हणाला असतात, तर मी वाट बघितली असती," मी म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा भोंगा झाला. मला खिडकीशी बसवेना. डबा उचलून मी जिना उतरू लागले — तर अर्ध्यावर तो. घाईने धुतलेले हात अजून ओले, धाप लागलेली.

"आता... कुठे बसायचं?" त्याने विचारलं.

"इथेच," मी म्हणाले, आणि पायरीवर बसून त्याच्यासाठी जागा केली.