वकीलसाहेबांचा डावा पाय

वहिनींनी ती पुस्तिका दोन बोटांत धरली, मेलेलं झुरळ उचलावं तशी.

"'अपघातात जखमी झाल्यावर काय करावे.' लेखक वकीलसाहेब. आणि आता जखमीही तेच. वा!"

समोर बेकरीच्या व्हॅनचा ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"बाई, मी धडक दिली नाही. ते त्यांच्या फाटकासमोर रस्त्यावर पडलेले होते. त्यांचा मुलगा हात करत होता म्हणून थांबलो, उचलून हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी पोलीस माझ्याच दारात! उद्या परवान्याची सुनावणी आहे. परवाना गेला तर संपलंच. गाडी चालवण्याशिवाय मला काही येत नाही."

वहिनी खासगी तपासाचं काम करत. त्यांचे धाकटे दीर टिपणं घेत आणि चुकीचे निष्कर्ष काढत. दोन्ही कामं मन लावून.

"सरळ आहे, वहिनी," दीर म्हणाले. "धडक दिली नसती तर हा थांबलाच कशाला असता?"

"भावोजी, तुम्ही फक्त लिहा."

हॉस्पिटलातली नर्स घाईत होती.

"मोडलेला पाय आला की आम्ही कपडा कात्रीने कापतो, शिवणीवरून थेट कमरेपर्यंत. ओढून काढला तर हाड सरकतं ना! त्यांचाही मीच कापला. पिशवीत भरून मुलाच्या हातात दिला."

"कसला कपडा होता?"

"दिवसाला वीस पाय येतात, बाई. कपडे कोण लक्षात ठेवतं?"

ड्रायव्हरला फाटकाशी थांबवून वहिनी वकीलसाहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब पलंगावर, प्लॅस्टरमधला डावा पाय उशांवर. दुखण्यापेक्षा कौतुक जास्त होतं चेहऱ्यावर.

"लोक नुसते रडत बसतात हो! आमच्याकडे सगळं मुद्देसूद. फोटो, गाडीचा नंबर, डॉक्टरांचा दाखला. आणि हे अंगावरचे कपडे, न धुता जपून ठेवलेले."

पिशवीतून काळी पँट निघाली. गुडघ्याशी फाटलेली, रक्ताचे डाग. वहिनींनी दोन्ही पायांच्या शिवणींवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"कोर्टातून पायी घरी येत होतो," साहेब सांगू लागले. "दुपारी चारला मागून व्हॅन आली. पुढचं काही आठवत नाही. शुद्ध आली ती हॉस्पिटलातच."

मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला. व्हॅनचा नंबर स्वच्छ. शेजारी साहेब रस्त्यावर आडवे, गळ्यापर्यंत फुलाफुलांची चादर.

"धडक बसल्याबरोबर काढला. आधी फोटो, मग बाकीचं, हा बाबांचा नियमच. पाणी आणायला घरात गेलो तोही नंतर."

"मग यांना स्वतःच्या गाडीतून का नाही नेलंत?"

"माझा परवाना जप्त आहे ना. गाडी अंगणातच होती. संध्याकाळी गॅरेजवाला सर्व्हिसिंगला घेऊन गेला."

"किती व्यवस्थित माणसं!" भावोजी भारावून म्हणाले.

"व्यवस्थित?" वहिनी भडकल्या. "किळस येते मला. ड्रायव्हरला आत बोलवा."

तो दाराशी येऊन उभा राहिला.

"कात्रीने कमरेपर्यंत कापलेल्या कपड्याच्या शिवणी अशा शाबूत राहतात का? ही पँट त्या दिवशी यांच्या अंगावर नव्हतीच. ही मागाहून फाडली, रंगवली. मग अंगावर काय होतं? जे दाखवलं तर कोर्टातून येण्याची कथा कोसळेल असं काहीतरी. म्हणजे घरातले कपडे. ते फोटोत दिसू नयेत म्हणून चादर."

"चादर कोणीही घालेल की," भावोजी पुटपुटले.

"पण हा म्हणतो, फोटो धडक बसल्याबरोबर काढला आणि घरात नंतर गेलो. मग चादर रस्त्यावर चालत आली? व्हॅन येण्याआधीच साहेब जखमी होते आणि चादरही आली होती. बापाचा पाय मोडला त्याच संध्याकाळी याला सर्व्हिसिंग सुचलं! परवाना नसताना यानेच अंगणात गाडी मागे घेतली आणि बापावर घातली. मग ओढत रस्त्यावर आणलं, आणि जो भला माणूस थांबला त्यालाच अडकवलं. पोलीस आज गॅरेजात जाऊन मागचा बंपर बघतील."

मुलगा रडकुंडीला आला. "बाबा, मी नको म्हणत होतो..."

"मला काय सांगतोस?" साहेब गरजले. "मी बेशुद्ध होतो! पोराने सांगितलं, मी सही केली."

स्वतःच्या पोरालाही पुढे ढकलायला त्यांना क्षण लागला नाही. तेव्हा ड्रायव्हर बोलला.

"साहेब, तुम्ही वाटभर बोलत होतात. 'बाळा, हळू घे. बाळा, देवासारखा आलास.' मी हो हो म्हणत खड्डे चुकवत होतो."

साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्यांनी मुलाकडे कागद मागितला आणि तक्रार खोटी असल्याचं लिहायला घेतलं.

"बस," वहिनी ड्रायव्हरला म्हणाल्या.

"नको बाई. या घरात नको," तो म्हणाला, आणि सही होईपर्यंत उभाच राहिला.