हरकतीचं पान

सकाळी नऊला सचिवबाईंच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं: सभेतली हरकत इतिवृत्तातून गाळल्याचा ठपका. रंगाच्या कारखान्यात वायू गळला होता, दोन कामगार दवाखान्यात श्वासाश्वासाला झगडत होते, आणि संचालक मंडळाला खापर फोडायला एक डोकं हवं होतं.

गळती ओळखणाऱ्या यंत्राची खरेदी मंडळानेच मार्चमध्ये पुढे ढकललेली. मंडळावरचे बाहेरचे संचालक, म्हातारे डॉक्टर, सांगत होते, “मी हरकत घेतली होती. इतिवृत्तात लिहायला लावली होती.” इतिवृत्ताच्या सत्तेचाळिसाव्या पानावर मात्र ‘सर्वानुमते मंजूर’. सरकारी चौकशी अधिकारी बाईंनी वही पुढ्यात ओढली. सुटी पानं दोऱ्याने ओवलेली, पानोपानी अध्यक्षांची छोटी सही.

“हरकत तुम्ही गाळलीत?”

“नाही हो,” सचिवबाई म्हणाल्या. “चार ओळी लिहिल्या होत्या. पान बदललंय.”

“कपाटाची किल्ली?”

“माझ्याकडेच. तिथेच तर मेले मी. सोमवारी, अपघातानंतर, साहेबांनी वही वाचायला नेली होती, तेवढीच.”

अध्यक्ष हसले. “चाळली आणि परत दिली. बाई, नोकरी वाचवायला माणूस काय वाटेल ते बोलतं.”

“या सगळ्या सह्या तुम्ही कधी केल्या?”

“मार्चमध्येच. सभा संपल्यावर, एका बैठकीत.”

भिंतीवर त्याच सभेचा फोटो होता. खुर्च्यांची रांग, मधोमध अध्यक्ष, उजवा हात प्लास्टरमध्ये. अधिकारी बाई तिथे रेंगाळल्या, मग परत पानांवर आल्या.

“शेहेचाळीसवर सही वाकडी. अठ्ठेचाळीसवरही वाकडी, डाव्या हाताची. सत्तेचाळीसवर कशी सरळ, वळणदार.”

“म्हणजे माझी सही खोटी म्हणता?”

“खरीच आहे साहेब, तोच तर घोळ आहे. प्लास्टर निघाल्यावरची आहे. सोमवारी तुम्ही हरकतीचं पान काढलं, नवं छापून ओवलं आणि सवयीने उजव्या हाताने सही केली. धोका सांगूनही यंत्र थांबवलं, हे भागधारकांना कळलं असतं, तर खुर्ची गेली असती.”

अध्यक्षांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “निर्णय काय माझ्या एकट्याचा होता? सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ते पान वाचणार कोण होतं?”

सचिवबाईंनी निलंबनाचं पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. “हे रद्द करा. लेखी.”

डॉक्टर कोपऱ्यात चष्मा पुसत राहिले.

“तुमचं म्हणणं खरं ठरलं,” अधिकारी बाई म्हणाल्या.

“ठरलं ना,” डॉक्टर म्हणाले. “हरकत लिहून घ्या म्हणालो, आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.”