काढून ठेवलेलं इंजिन

गाडी ट्यून करायला कानसेनांना फार काही लागत नसे. एक स्क्रूड्रायव्हर आणि हातभर रबरी नळी. नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी. इंजिन हवा कशी ओढतंय ते ऐकायचं, मग शेजारच्या कार्बुरेटरचं ऐकायचं, आणि दोन्हींचा सुस्कारा एकसारखा होईपर्यंत स्क्रू केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे करत राहायचं. त्यावरूनच कुणीतरी त्यांना कानसेन म्हणायला लागलं आणि खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं.

रस्त्याच्या उतारावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मागे फळ्यांच्या भिंतीआड राहायची खोली: कॉट, स्टोव्ह, पुस्तकांचं कपाट आणि दोन खुर्च्या. त्यांतली एक बायको गेल्यापासून कपडे टाकायच्या कामाची झाली होती.

काम कमी झालं होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन अजून यायचे, पण त्यांना ट्यूनिंग नको असायचं. बाहेरून गाडी आजोबांच्या काळची हवी आणि आत इंजिन कालचं. जुनं उचलून भंगारात द्या आणि कॉम्प्युटरवालं नवं बसवा, म्हणायचे. कानसेनांना ते पटत नसे. पण ते वाद घालणाऱ्यांपैकी नव्हते. समोरच्याने जरा आवाज चढवला, की आपलंच कुठेतरी चुकत असेल असं त्यांना वाटू लागे.

"कानसेन, तुमच्या कानांना पेन्शन मंजूर झालं का हो?" शेजारचा वेल्डर भिंतीपलीकडून ओरडायचा.

"अर्ज पडून आहे," कानसेन म्हणायचे. दिवसभरात कधी कधी तेवढंच बोलणं व्हायचं.

मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली तेव्हा तिने आईची गाडी मागितली. फिकट हिरवी, गोल दिव्यांची. आईने ती शेवटपर्यंत चालवली होती आणि मुलगी तिच्यातच चालवायला शिकली होती. डोंगरातल्या रस्त्यावर ती गाडी बंद पडली, पुढच्या खेपेला पुन्हा पडली. दोन्ही वेळा मुलगी पावसात भिजत उभी राहिली होती.

"मला दर रविवारी बॉनेट उघडून बसायचं नाहीये रे बाबा," ती म्हणाली. "मला नुसतं पोचायचंय."

"मी एकदा नीट ट्यून करून देतो ना, टिल्लू."

"देशील रे. पण पुढच्या वेळी ट्यून करायला डिकीत बसून येणार आहेस का तू?"

कानसेनांनी गाडी आत घेतली. त्यांनी स्वतःच्या हातांनी जुनं इंजिन काढलं आणि नवं बसवलं. टिल्लू पाने हातात देत होती आणि तोंडाने अखंड बडबडत होती: साहेबांच्या नकला, घरमालकिणीचा कुत्रा, एक अर्धवट भांडण, ज्याची सुरुवात तिलाच आठवत नव्हती. नवं इंजिन सुरू झालं तेव्हा ते सुरू झालंय हे बघूनच कळलं. टिल्लूने टाळ्या वाजवल्या. कानसेनांनी सवयीने नळी हातात घेतली. पण ती लावायला कुठे जागाच नव्हती.

काढलेली इंजिनं भंगारवाला नेत असे. हे त्यांनी ठेवून घेतलं. त्यातलं तेल काढलं, पाणी काढलं आणि खोलीच्या दाराजवळ एका लाकडी घोडीवर ते चढवून ठेवलं. बायकोच्या गाडीचं म्हणून, एवढंच.

थंडी सुरू झाली तेव्हा टिल्लूची मांजर त्या इंजिनावर झोपायला लागली. आधी ती स्टोव्हजवळ झोपायची. कानसेनांना वाटलं, तेलाचा वास आवडत असेल. मग एका सकाळी चहाचा कप ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी तो इंजिनाच्या माथ्यावर टेकवला, वर्तमानपत्र वाचलं आणि कप उचलला. चहा गरम होता.

त्यांनी लोखंडावर हात ठेवला. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखं कोमट लागलं.

पत्र्यावर ऊन पडत असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. घोडी ढकलत त्यांनी इंजिन आतल्या, कायम सावलीच्या कोपऱ्यात नेलं. तिथेही ते सकाळी तापायचं, दुपारी निवायचं, संध्याकाळी पुन्हा तापायचं. रविवारी गार असायचं. एका संध्याकाळी ते तापायला लागलं तेव्हा कानसेनांनी फोन लावला.

"गाडी चालवतेयस?"

"आत्ताच निघाले ऑफिसातून. तुला कसं कळलं रे?" टिल्लू हसली. "बरं झालं केलास. अरे, तो तापमानाचा काटा हलतच नाही. इथल्या मेकॅनिकने सेन्सर बदलला, तरी तळाशीच. हीटर लावला तर गार वारा येतो. त्या माणसाने इंजिनाला हात लावून बघितला आणि माझ्याकडे असा काही बघायला लागला, जसं काही मीच थंडी घेऊन आलेय."

"चालताना काही त्रास?"

"छे! गुण्यागोविंदाने चालतेय."

कानसेनांनी फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या इंजिनाकडे बघत बसले. त्यांना भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. पोरगी तिकडे रस्त्याला लागली की इकडे कळतंय, एवढी सोय कोणत्या बापाला असते? ते कपड्यांची खुर्ची मोकळी करून इंजिनाजवळ घेऊन गेले. संध्याकाळी तिथेच वाचत बसू लागले. ते निवलं की पोचली म्हणायचं आणि स्टोव्ह पेटवायचा.

फोनवरची टिल्लू हळूहळू बदलली. नेमकं कधीपासून, ते त्यांना सांगता आलं नसतं. आधी ती कशाला फोन केलाय हेच विसरायची, मधेच चिडायची, ठेवते ठेवते म्हणत अर्धा तास बोलायची. आता फोन ठरल्या वेळी यायचा. जेवलात का, औषध घेतलं का, बरं, ठेवते. लहानपणापासून ती त्यांना अरे-तुरे करत आली होती. आता अहो-जाहो करू लागली. त्यांनी एकदा चाचरत विचारलं, "टिल्लू, रागावलीयस का?"

"नाही बाबा. रागावण्यासारखं काही झालंय का?"

तिने ते अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं.

"मुलगी मार्गाला लागली म्हणायची," वेल्डर म्हणाला. "आमची कार्टी बघा, फोन करते ती फक्त भांडायला."

कानसेनांना त्याचा हेवा वाटला.

मग मांजर गेली. म्हातारी झाली होती. एका सकाळी इंजिनावर नेहमीसारखी वेटोळं करून पडलेली होती, पण उठली नाही. टिल्लूने ती पिल्लू असताना गटारातून काढून आणली होती, तिच्यासाठी दूध चोरून मार खाल्ला होता. दिवसभर कानसेन शब्द जुळवत राहिले आणि संध्याकाळी त्यांनी सांगितलं.

"अच्छा," टिल्लू म्हणाली. "वाईट झालं. औषध घेतलं का?"

फोन ठेवल्यावर त्यांना जळक्या रंगाचा वास आला.

इंजिन कधी नव्हतं इतकं तापलं होतं. हात लावता येत नव्हता. पंख्याची पुली ढिम्म होती. आत तेल नाही, पाणी नाही, पेट्रोलचा थेंब नाही. पण कुठून तरी बारीक आवाज येत होता. कानसेनांनी खिळ्यावरची नळी काढली, एक टोक कानात घातलं आणि दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलं.

हवा आत ओढली जात होती.

एकसारखी नाही. अडकत, थांबत, मग घाईने दोन-तीनदा एकदम. कोणताही बिघाड झाला तरी कार्बुरेटर असा ओढत नाही. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आईने मारलं की टिल्लू गाडीच्या मागे जाऊन बसायची आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हुंदका असाच आतल्या आत ओढायची.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला.  स्क्रू केसाएवढा फिरवला, थांबले, ऐकलं, पुन्हा फिरवला. बऱ्याच वेळाने आवाज संथ झाला. मग झोपेतल्यासारखा झाला. मग आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डरला बोलावलं. काही न सांगता म्हणाले, "जरा हात लावून बघता?"

वेल्डरने हात ठेवला आणि काढून घेतला. तो दिवसभर आगीशी खेळणारा माणूस. बराच वेळ पँटला हात पुसत राहिला.

"कानसेन, हे भंगारात द्या."

"का?"

"द्या म्हणतोय ना."

त्यानंतर भिंतीपलीकडून पेन्शनची चौकशी आली नाही.

भंगारात देण्याचा प्रश्नच नव्हता. उलट कानसेन आता संध्याकाळभर तिथेच असायचे. दिवसभरात काय झालं ते इंजिनाला सांगायचे. वाचलेलं एखादं पान मोठ्याने वाचून दाखवायचे. गमतीचा भाग आला की नळीतून हवेचा एक हलका झटका ऐकू यायचा. आईचा विषय निघाला की लोखंड गरम व्हायचं. फोन आता त्यांना नको वाटू लागला होता. जेवलात का, औषध घेतलं का. तो कधी संपतो आणि आपण टिल्लूजवळ जाऊन बसतो, असं व्हायचं.

आपण मनात 'टिल्लूजवळ' म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते दचकले.

त्या रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पोरीचं सगळं आपल्या कोपऱ्यात येऊन साठलंय आणि आपण ते शेकत बसलोय. तिकडे ती रिकामी हिंडतेय आणि आपल्याला ते सोयीचं झालंय. आपली समजूतच चुकीची असेल, म्हातारपणी डोकं फिरलं असेल, असंही त्यांना वाटलं. पण डोकं फिरलं असलं तरी करायचं काय ते एकच होतं. सकाळी त्यांनी तिला फोन करून गाडी घेऊन यायला सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी येते."

शनिवारपर्यंत त्यांनी सगळी तयारी केली. चेन पुली टांगली, नवे गॅस्केट कापले, नट-बोल्ट धुऊन ओळीने मांडले. काम करता करता इंजिनाशी बोलत होते. "आता जायचं हं घरी. दोन दिवसांत बसवतो. मग भांड माझ्याशी हवं तेवढं."

गाडी आली ते कळलंच नाही. दारात सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. टिल्लू उभी होती. नीट विंचरलेली, नीट इस्त्रीची. त्यांना वाकून नमस्कार केला, मग बसायला जागा विचारून बसली. पूर्वी आल्याआल्या ती डबे उघडायची.

"दोन दिवस राहा," कानसेन म्हणाले. "जुनं इंजिन परत बसवतो."

"कशाला बाबा? तुम्हीच बसवलंत ना हे? चांगलं चाललंय. एकदाही बंद पडलं नाही."

"ते खरं. पण..." त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तू इकडे ये. याला एकदा हात लाव. मग तू म्हणशील तसं."

ती उठून कोपऱ्यात आली. ती जवळ येऊ लागली तसं लोखंड कडकड वाजू लागलं; इंजिन झपाट्याने तापताना वाजतं तसं. हातभर अंतरावरून कानसेनांच्या तोंडावर झळ येत होती. माथ्यावरचा रंग फुगायला लागला होता.

"थांब," ते म्हणाले. "थांब, लावू नकोस."

पण तिने तळवा ठेवला होता.

"गार आहे की," ती म्हणाली.

"हात काढ."

"खरंच गार आहे, बाबा. तुम्हाला भास होतोय." तिने दुसराही तळवा ठेवला, समजूत घालावी तसा. "एकटे राहता ना, म्हणून. डोळे कधी तपासलेत शेवटचे? औषध वेळेवर घेता का?"

वास पसरला. तो रंगाचा नव्हता.

कानसेनांनी तिची मनगटं धरून मागे ओढली. तळव्यांवर पांढरे फोड टरारून आले होते. ती त्यांच्याकडे कुतूहलाने बघत होती, दुसऱ्या कुणाचे हात आपल्याला धरायला दिले असावेत तशी.

आणि कोपऱ्यातून, नळी न लावताच, आवाज आला.

स्स्स.

मग पुन्हा. मग अडकत, थांबत, घाईने.

कानसेन दोघींच्या मध्ये उभे होते. क्षणभरच. मग त्यांनी मुलीची मनगटं सोडली, गुडघ्यांवर बसले, कार्बुरेटरच्या तोंडाशी वाकले आणि हळूहळू फुंकर घालू लागले. "झालं हं, बाळा. झालं. थांबेल आत्ता."

त्यांच्या पाठीमागे टिल्लूने मांडलेल्या बोल्टांशेजारची चिंधी उचलली आणि ग्रीस पुसावं तसे, एकेक करून, फोड पुसायला सुरुवात केली.