न घासलेली साल

“एकदा दिसला तो योगायोग, वेनिंग. दुसऱ्या खेपेलाही दिसला, तरच तो गुण. नवी साल आणून पुन्हा तपास.”

लावू डोंगराची चढण चढताना वेनिंगच्या कानात प्रयोगशाळेतल्या बाईंचे हेच शब्द घुमत होते. फोन करून मागवलेली नवी साल आली, तिचा अर्कही काढून झाला... आणि काचेच्या बशीत जंतू बिनदिक्कत पसरले. पहिल्या अर्काच्या आसपास त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं! सोमवारच्या बैठकीत काही दाखवता आलं नाही, तर काम बंद. मग या डोंगरावर यायला निमित्त तरी कुठलं उरणार?

दोन महिन्यांपूर्वी बस चुकली, म्हणून ती पंगिह नावाच्या तरुणाच्या आईच्या झाडपाल्याच्या दुकानात टेकली होती. जखमेवर लावायची ती साल तिला तिथेच मिळाली. होती नव्हती तेवढी तिने घेतली. पण सालीपेक्षा जास्त वेळ तिची नजर रेंगाळली होती, ती पुडी बांधणाऱ्या पंगिहच्या बोटांवर...

“झाड तेच होतं ना, मास?” आज अंगणात शिरताच तिने पंगिहला विचारलं. तिथे तरुणाला आदराने ‘मास’ म्हणत, तरुणीला ‘म्बाक’.

“तेच.” पंगिहचा चेहरा उतरला. “म्हणजे मी फसवलं तुम्हाला?”

“तसं नाही हो... पण मग गुण गेला कुठे?”

“मला काय ठाऊक, म्बाक? पुढच्या खेपेला स्वतः झाडापाशी येईन, असा शब्द आईला तुम्ही दिलात. आला मात्र नुसता फोन!”

ते तिला लागलं. घेणाऱ्याने अनवाणी जावं, झाडाला विचारावं, मगच हात लावावा, असं त्याच्या आईने सांगितलं होतं. आणि ती ‘हो’ म्हणाली होती.

“तीन दिवस खपलो त्या सालीवर,” तो पुटपुटला. “काथ्याने घासून घासून...”

“घासून?”

“तुम्हीच हसला होतात ना — झाडाला कधी आंघोळ घालत नाही का, म्हणून? म्हटलं, या खेपेला तरी नावं ठेवायला नकोत.” त्याचे कान लाल झाले.

“मास... तिच्यावर राखाडी पापुद्रे होते. दगडफुलासारखे —”

“सगळे खरवडले! एक म्हणून ठेवला नाही.”

“अहो, गुण सालीत नसेलच! त्या पापुद्र्यांत असेल!”

मग वेनिंगला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “माझ्यासाठी औषधच धुऊन टाकलंत?”

“तुमच्यासाठी...” तो अडखळला. “आणि पापुद्र्यांतही काही नाही निघालं तर?”

“तर पुन्हा येईन. औषध नसलं... तरीही येईन.”

त्याने आल्याच्या काढ्याचा ग्लास पुढे केला. आणि एकदम आठवून हात मागे घेतला. आज गुरुवार. तिचा दर गुरुवारचा रोजा.

“सूर्यास्ताची बांग होईपर्यंत झाकून ठेवतो,” तो हळूच म्हणाला आणि ग्लासवर बशी ठेवली.

दिवस मावळायला अजून तासभर होता. वेनिंगने चपला काढल्या, त्या झाकलेल्या ग्लासाशेजारी पायरीवर ठेवल्या, आणि झाडाच्या वाटेला लागली.