डावीकडे कोण, उजवीकडे कोण

समजा हं, तुमच्या शाळेसमोर एक लांबलचक दगडी भिंत आहे आणि तिच्यावर एकही अक्षर नाही. साठ वर्षांपूर्वी बाजाराला आग लागली, तेव्हा विहिरीपासून रांग लावून ज्यांनी हातोहात बादल्या पोचवल्या, त्यांची नावं तिथे कोरायची होती. पण गावात वस्त्या चार, भाषा चार, आणि प्रत्येक वस्तीला आपलीच नावं वर हवीत! शनिवारपर्यंत गावच्या समितीत एकमत झालं नाही, तर भिंत कोरीच राहणार होती.

हे ऐकून इतिहासाच्या बाई तावातावाने समितीकडे निघाल्या आणि भिंतीपाशी दगडाच्या कपच्यांवरून घसरल्या. वह्या चहूकडे!

“जपून, बाई!” नावं कोरायला आलेला पाथरवट धावला.

“मला बाई कशाला म्हणता? तुम्ही काय माझ्या वर्गात आहात?”

“घ्या की... शेवटच्या बाकावर बसेन.”

हसू लपवायला बाई खाली वाकून वह्या गोळा करू लागल्या. तो मात्र हातातली वही वाचतच राहिला. आगीबद्दल घरी विचारून लिहा, असं बाईंनी मुलांना सांगितलं होतं. तिसरीतल्या चिमणीने लिहिलं होतं : ‘पणजोबांच्या डावीकडे शिंपी, उजवीकडे भट्टीवाली मावशी.’

“अहो, यादी तर तुमच्याकडेच आहे!” तो म्हणाला. “लोक रांगेत जसे उभे होते, तशीच नावं कोरू.”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या... मग चार दिवस शाळा सुटली, की दोघं भिंतीपाशी. मुलं घरोघरी विचारून रांगेतले शेजारी शोधायची, बाई खडूने नावं मांडायच्या.

“केसांत दगडाची भुकटी बसलीय तुमच्या,” तो म्हणाला.

“बसू दे. तुमचं लक्ष कामावर असू दे.”

“तेच तर जमत नाहीये—”

रांगेतल्या एका जागेवर कोण होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परगावची कुणी बाई, एवढंच. बाईंनी तसंच लिहिलं : ‘परगावची एक बाई’.

शनिवारी समितीतले तापट आजोबा खडूच्या नावांवरून काठी फिरवत चालले. “माझे वडील सतरावे?” काठी एक नाव पुढे सरकली. “आणि अठरावा कोळसेवाला... हो, त्याचाच हात भाजला होता. वडील शेवटपर्यंत त्याची चौकशी करायचे.” डोळे पुसत ते पाथरवटावर खेकसले, “कोर आता! बघतोस काय?”

महिन्याने भिंत खुली झाली. घरचे लोक आपापल्या नावासमोर उभे राहिले, आणि चार वस्त्यांनी एकमेकांचे हात धरले. फक्त परगावच्या बाईसमोर कुणी नव्हतं.

“तुम्ही बदलीवर आलेल्या, मी कामापुरता,” पाथरवट हळूच म्हणाला. “आपणही परगावचेच की. उभं राहायचं?”

“आजच्यापुरतं?”

“तुम्ही नको म्हणेपर्यंत... पुढचं काम मी नाकारलंय.”

“मग बसा वाट बघत,” बाई म्हणाल्या, “मी काही नको म्हणायची नाही!” आणि त्यांनी हात पुढे केला. रांग जुळली. टाळ्यांनी रस्ता दुमदुमला.

चिमणी तडक मुख्याध्यापकांकडे धावली. “सर, बाईंच्या लग्नाची सुट्टी एक दिवस की दोन?” सरांनी तोंड उघडायच्या आत ती वळली आणि तिने सगळ्या शाळेला ओरडून सांगितलं, “दोन!”