लिंडनफेल्डची हरवलेली प्लेट

“चेंडू दे इकडे!”

तनयचा हात अजून हवेतच होता. बॅटला लागून मागे उडालेला चेंडू त्यानं एका हातानं टिपला होता आणि आता बाकावर चढून नाचायच्या बेतात होता. तेवढ्यात लाल टोपीवाला एक दांडगा माणूस समोर आला आणि त्यानं तनयच्या मुठीतून चेंडू ओरबाडून घेतला.

“ही अमेरिका नाही! इथे चेंडू क्लबचा असतो. परत द्यायचा असतो. आणि बाकावरून खाली उतर!” तो जर्मनमध्ये गुरकावला आणि निघूनही गेला.

“मी देणारच होतो!” तनय त्याच्या पाठीमागून ओरडला. “बिट्टे, प्लीज असं तरी म्हणायचं!”

“देणार होतास?” मल्हार हसला. “सॅकची चेन उघडली होतीस तू!”

“तू गप रे!”

“दोघंही गप्प बसा!” उर्जा खेकसली. “माझी चाचणी होईपर्यंत कुणाशी भांडायचं नाही. तो क्रुम्बाख आहे. या मैदानाचा व्यवस्थापक. त्यानं हाकललं तर संपलंच!”

तनय दहा वर्षांचा, उर्जाचा धाकटा भाऊ. मल्हार त्यांचा शेजारी. उन्हाळ्याची सुट्टी होती. तिघं सकाळीच जर्मनीतल्या गेर्लिंगेनहून निघून, गाड्या बदलत, हायडेलबर्गच्या पलीकडे जंगलाच्या कडेला असलेल्या या लिंडनफेल्ड मैदानावर आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे अमेरिकन सैनिकांची छावणी होती. त्यांनीच हे बेसबॉलचं मैदान आणि लाकडी बाकांचा स्टँड बांधला होता. छावणी गेली, मैदान राहिलं.

आजचा सामना बघायचा होताच, पण उर्जाचं लक्ष सामन्यानंतरच्या चाचणीकडे लागलं होतं. मुलींच्या बेसबॉल शिबिरासाठी आज निवड होणार होती. गेर्लिंगेनला मुलींचा संघच नव्हता. ती तेरा वर्षांची होती. हे शिबिर हुकलं, तर पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

“आजोबा कुठे आहेत?” तिनं विचारलं.

“तिकडे. सगळ्यांवर रागावून बसलेत,” तनय म्हणाला.

आजोबा स्टँडच्या सगळ्यात मागच्या रांगेत एकटेच होते. आई-बाबांना काम होतं, म्हणून तेच मुलांबरोबर आले होते. आजी गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून आजोबा सासवडहून इकडे राहायला आले होते. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. ते कुठेही बसले, की शेजारच्या जागेवर आपली निळी पिशवी ठेवत आणि कुणाला बसू देत नसत. आज ट्रेनमध्येही एका बाईनं जागा मागितली, तर त्यांनी पिशवी हलवली नव्हती. ती बाई उतरेपर्यंत पुटपुटत होती. घरात सगळ्यांना कारण माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे.

सामना रंगला होता. आणि एकदम भोंग्यावरून आवाज आला.

“सहाव्या इनिंगनंतर मैदानाची पहिली होम प्लेट आणण्यात येणार होती. ती जागेवर नाही. कुणी पाहिली असल्यास ताबडतोब कळवावं.”

“होम प्लेट म्हणजे फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती पाचकोनी पाटी ना?” मल्हारनं विचारलं.

“गेनाऊ, बरोबर तीच! पण ही पहिली. सैनिकांनी दारूगोळ्याच्या पेटीच्या फळीतून कापलेली. आज तिचा मान होता,” उर्जा म्हणाली. “कोण नेईल ती? जुनी, पांढरा रंग उडालेली फळी!”

“ते बघा!” तनय ओरडला.

मागच्या रांगेत गर्दी जमत होती. मधोमध लाल टोपी दिसत होती. आणि लाल टोपीसमोर आजोबा!

तिघं बाकांवरून उड्या मारत वर पोचले. क्रुम्बाखच्या हातात एक हिरवं कापड होतं आणि तो ते सगळ्यांना दाखवत होता.

“हे कापड प्लेटखाली होतं! मी प्लेट क्लबहाउसच्या कपाटात कुलपात ठेवली होती. आणि कापड या माणसाच्या मांडीवर सापडतं! प्लेट कुठंय? बोल!”

“उर्जा, हा माणूस काय भुंकतोय?” आजोबांचा चेहरा लाल झाला होता. “माझ्या मांडीवरचं कापड हिसकावलं यानं!”

“हेर क्रुम्बाख, हे माझे आजोबा आहेत,” उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. “ते चोरी करणार नाहीत.”

“हेर?” आजोबा अजून भडकले. “कुणाचा हेर आहे हा?”

“आजोबा, हेर म्हणजे श्रीयुत!”

“हा? श्रीयुत?” आजोबा उपहासानं हसले.

“हसतोय का हा माणूस मला?” क्रुम्बाख म्हणाला. “मघाशी यांच्या पोरानं चेंडू ढापायचा प्रयत्न केला. मी स्वतः पाहिलंय. आता हे! तुम्हा लोकांना वाटतं तरी काय?”

समोरच्या बाकावरच्या एका बाईनं आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. उर्जानं ते पाहिलं. तिचे कान तापले.

“पिशवी तपासा ना!” मल्हार म्हणाला. “आहे का प्लेट?”

क्रुम्बाखनं पिशवी ओतली. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, पोळ्या, पाण्याची बाटली, आजोबांची औषधं. प्लेट नव्हती.

“लपवली असेल! सामना संपेपर्यंत प्लेट मिळाली नाही, तर पोलिसांना बोलावतो. आणि तुम्हा सगळ्यांना हाउसफर्बोट! या मैदानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!”

“पण माझी चाचणी आहे,” उर्जा म्हणाली.

“होती!”

शिबिराच्या प्रशिक्षक फ्राऊ लेन्झ मागे येऊन उभ्या होत्या. उर्जानं त्यांच्याकडे पाहिलं.

“मैदानाचे नियम त्यांच्या हातात आहेत,” त्या कोरडेपणानं म्हणाल्या. “बंदी असेल, तर मी तुला खेळवू शकत नाही. प्लेट सापडली, तर बोलू.” आणि त्या खाली गेल्या.

गर्दी पांगली. जाताना कुणीतरी काहीतरी बोललं आणि दोघं-तिघं हसले.

“चला घरी,” आजोबा पोळ्या गोळा करत म्हणाले. “मला यायचंच नव्हतं. क्रिकेट खेळता येत नाही म्हणून हा खेळ काढलाय यांनी!”

“आजोबा, ते कापड तुमच्याकडे कसं आलं?” उर्जानं विचारलं.

“तूही मला चोर म्हणतेस?”

“नाही हो! पण ते कुणीतरी इथे आणलं. कोण?”

“मला काही विचारू नकोस.”

“आजोबा!” उर्जाचा आवाज फाटला. “माझं शिबिर गेलं! तुम्ही रुसून बसलात तर ते परत येणार नाही. तुम्ही एकटेच होतात इथे. तुम्हालाच माहीत आहे!”

असं ती आजोबांशी कधी बोलली नव्हती. तनय घाबरून तिच्याकडे बघत राहिला. आजोबांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तो लाल टोपीवालाच आला होता,” ते शेवटी म्हणाले. “कानाला फोन. माझी पिशवी ढकलली आणि त्या जागेवर ते कापड अंथरून एक फळी ठेवली. फोटो काढला आणि फोनवर बोलत निघून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काय धर्मशाळा उघडलीय?”

“म्हणजे कपाटात नव्हतीच!” तनय किंचाळला.

“मग फळी कुठे गेली?” मल्हारनं विचारलं.

“दुसरा एक माणूस आला. एप्रन घातलेला, घामाघूम झालेला. तो खाली पडलेल्या मोडक्या बाकांच्या फळ्या गोळा करत होता. माझ्यापाशी येऊन शेजारच्या जागेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मला वाटलं, दमलाय बिचारा, फळी सरकवून बसू का विचारतोय.”

“मग?”

आजोबांनी निळी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“तुमच्या आजीच्या जागेवर मी कुणाला बसवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पण ती असती, तर तिनं त्याला पाणी दिलं असतं. म्हणून मी म्हटलं, या. दोनदा म्हटलं. या, या! तर तो बसलाच नाही. फळी उचलून चालता झाला! कापड तेवढं खाली पडलं. मी ते घडी करून ठेवलं. एवढ्या महिन्यांत एकदा कुणाला या म्हटलं, तर हे असं!”

उर्जा, तनय आणि मल्हार एकमेकांकडे बघत राहिले.

“या, या,” मल्हार हळूच म्हणाला.

“या म्हणजे हो!” तनयनं कपाळावर हात मारला. “आजोबा, जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो!”

“म्हणजे त्यानं विचारलं, ही फळी नेऊ का,” उर्जा म्हणाली, “आणि तुम्ही दोनदा हो म्हणालात!”

“अरे देवा!” आजोबा उठून उभे राहिले. “पण मोडक्या फळ्या हव्यात कशाला त्याला?”

स्टँडच्या मागून धूर वर येत होता. भाजलेल्या सॉसेजचा वास येत होता.

“एप्रन!” तिघं एकदम ओरडले आणि धावत सुटले.

स्टँडमागे विटांची मोठी शेगडी धडधडत होती. एप्रनवाला माणूस चिमट्यानं सॉसेज उलटत होता.

“थांबा! फळ्या टाकू नका!” उर्जा ओरडली.

“रांगेत ये!” तो म्हणाला. “सगळ्यांना मिळेल!”

“सॉसेज नकोय! त्या विस्तवात होम प्लेट आहे!”

“काय?”

मल्हार गुडघ्यावर बसून आत बघत होता. “कडेला बघ! पाच कोनांची! अजून सगळी पेटली नाहीये, नुसता एक कोपरा पेटलाय!”

उर्जानं त्या माणसाच्या हातातला लांब चिमटा ओढून घेतला. झळ तोंडावर आली. पहिल्यांदा फळी सुटली. दुसऱ्यांदा तिनं ती घट्ट पकडली आणि मागे खेचली. फळी जमिनीवर पडली. कोपऱ्यावर ज्वाळा होतीच. तनयनं टेबलावरचा सफरचंदाच्या सरबताचा अख्खा जग उचलला आणि तिच्यावर उपडा केला. फस्स!

“माझं सरबत!” एप्रनवाला ओरडला.

“तुमची प्लेट!” तनय ओरडला.

“सापडले!” मागून गर्जना झाली. क्रुम्बाख धापा टाकत येत होता. त्याच्यामागे फ्राऊ लेन्झ आणि बरेच लोक. “बघा! पुरावा जाळत होते! मी म्हटलं नव्हतं?”

“आम्ही ती बाहेर काढली!” उर्जा म्हणाली. तिचा चेहरा काजळीनं भरला होता.

“खोटं! कपाटातून चोरली आणि आता—”

“कुठल्या कपाटातून?” मल्हारनं शांतपणे विचारलं. तो फोनवर काहीतरी शोधत होता. “आल्झो, म्हणजे मला नीट समजू दे. तुम्ही प्लेट कुलपात ठेवलीत. मग क्लबच्या पानावर तुम्हीच आज टाकलेल्या या फोटोत तिच्याशेजारी आजोबांची निळी पिशवी कशी? पिशवीही कपाटात होती का?”

लोकांत हशा पिकला. फ्राऊ लेन्झनी फोन हातात घेतला. फोटो मोठा केला. हिरवं कापड, त्यावर प्लेट, लाकडी बाक, निळी पिशवी. कोपऱ्यात आजोबांचा गुडघासुद्धा आला होता!

“क्रुम्बाख,” त्या म्हणाल्या, “तू ती बाकावर टाकून गेलास?”

“फक्त दोन मिनिटं! फोन आला होता!”

“मी विचारूनच घेतली हो,” एप्रनवाला चाचरत म्हणाला. “त्या आजोबांना विचारलं, हे नेलं तरी चालेल का. ते दोनदा हो म्हणाले. छान हसलेसुद्धा.”

उर्जानं ‘या’ची गोष्ट सांगितली. आधी एक बाई हसली, मग सगळेच. क्रुम्बाख हसला नाही. त्यानं वाकून प्लेट उचलली, काळा पडलेला कोपरा बाहीनं पुसला.

“बरं. बंदी मागे घेतो,” तो म्हणाला. “जा, दे तुझी चाचणी.”

उर्जा हलली नाही.

“चल ना!” तनयनं तिला ढकललं. “आधी तू चाचणी दे!”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या आजोबांना सगळ्यांसमोर चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर त्यांची माफी मागा. नाहीतर मला तुमच्या मैदानावर खेळायचं नाही.”

“उर्जा!” मल्हार कुजबुजला. “वेडी आहेस का? पुढच्या वर्षी वय—”

“माहीत आहे मला!”

शेगडीवर सॉसेज करपत होते. फ्राऊ लेन्झ हाताची घडी घालून क्रुम्बाखकडे बघत होत्या. आजोबा जिन्यावरून सावकाश खाली येत होते. क्रुम्बाखनं टोपी काढली. तो त्यांच्यासमोर गेला आणि खाली बघत चार वाक्यं बोलला. एकाही शब्दात गोडवा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“काय म्हणाला?” आजोबांनी विचारलं.

“चूक झाली म्हणाला. प्लेट त्यानंच टाकली, तुम्ही चोर नाही.”

“हं,” आजोबा म्हणाले. “पिशवीही भरून दे म्हणावं. माझ्या गोळ्या बाकाखाली घरंगळल्यात.”

क्रुम्बाखला गोळ्या शोधायला वर जावं लागलं!

सामन्यानंतर चाचणी झाली. मुलींनी लांब उभ्या केलेल्या पाटीवर चेंडू फेकून मारायचे होते. उर्जाचे हात चिमट्यानं भाजले होते, काजळी निघाली नव्हती. तिनं पहिला चेंडू मारला. पाटीच्या मधोमध. दुसरा. मधोमध. तिसऱ्याला बाकीच्या मुली बाजूला होऊन बघायला लागल्या.

“शिबिरात तुझी जागा पक्की,” फ्राऊ लेन्झ म्हणाल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच हसल्या. “आगीत हात घालणारी आणि नंतर आपल्या माणसासाठी अडून बसणारी खेळाडू मला हवीच आहे. तुम्ही दोघं मुलगेही हुशार आहात रे! पण हा नेम कुठून आला? कुणी शिकवलं तुला?”

“आजीनं. सासवडला चिंचा पाडायला. दगडानं.”

“काय विचारतायत बाई?” आजोबा पुढे आले.

उर्जानं सांगितलं. आजोबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

“त्यांना सांग,” ते म्हणाले, “तुझ्या आजीचा नेम कधी चुकला नाही. लग्नाआधी एकदा माझा चष्मा फुटला होता तिच्या दगडानं. सगळे म्हणाले, चिंचेला मारताना चुकून लागला. मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, चुकून कसला? नेम धरूनच मारला होता!”