हीरो ब्रेक मारत नाही

आदगोंडा मगदुमांच्या धाकट्या लेकीचं, सुनंदाचं लग्न झालं, त्याच साली गाड्या सिनेमे बघून शिकू लागल्या. त्या यंत्रणेला 'अनुसारथी' म्हणत. पडद्यावरच्या गाडीची चाल टिपायची आणि रस्त्यावरच्या गाडीत उतरवायची, एवढंच तिचं काम. माणसानं नुसतं बसायचं. हौशी लोकांसाठी जुना घाट मोकळा ठेवलेला होता.

दिवाळसणाला जावई जिनेंद्र तसलीच गाडी घेऊन इचलकरंजीला आला. आदगोंडांनी उमेदीची वर्षं शर्यतींच्या सिनेमांत हीरोच्या जागी गाडी हाकण्यात घालवली होती. तोंड कधी दिसलं नाही, गुडघे तेवढे कायमचे गेले. जावयानं त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

"मामा, ह्यात तुमचीच चाल हाय. नाव हीरोचं, पाय तुमचा."

माळावर पहिलंच वळण आलं आणि गाडी वेग न तोडता आत शिरली. मागची चाकं घसरली, कशीबशी सावरली. जिनेंद्र खूश झाला. आदगोंडांनी दाराची कडी घट्ट धरली. ते स्वतः गाडी आधी हळू करत, मग वळवत. ब्रेक कुठं मारायचा हे यंत्राला कळतं कसं, असं त्यांनी विचारलं.

"कॅमेराबी संगं पळत असतोय, त्यामुळं वेग नीट मोजता येत नाही. मागचा लाल दिवा पेटला की ब्रेक, एवढंच धरतंय ते."

आदगोंडा त्याच्याकडं वळले.

"पाव्हणं, ते बल्ब आम्ही काढून ठेवत होतो. हीरो ब्रेक मारताना दिसला नाही पाहिजे, असं डायरेक्टर म्हणायचा. ब्रेक मी दर वळणाला मारलाय."

जिनेंद्रला त्याची गंमतच वाटली. पडद्यावरचे मामा वाघ आणि घरातले ससा, असं तो जेवताना सगळ्यांना सांगत राहिला. आदगोंडांनी अनुसारथीच्या कंपनीला कळवलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. भाऊबीजेला जिनेंद्र घाटावर निघाला तेव्हा त्यांनी किल्लीसाठी हात पुढं केला. सणाला आलेल्या जावयाच्या हातातलं काही काढून घ्यायचं नसतं, असं म्हणून बायकोनं तो हात खाली केला. त्यांनी तो पुन्हा वर केला नाही.

घाटातलं दुसरं वळण गाडीनं सिनेमात घेतात तसंच घेतलं. गाडी कोण चालवत होतं, असं पोलिसांनी विचारलं. यंत्र, सिनेमा, की आदगोंडा?

जिनेंद्र बाळासो चौगुले, वय एकोणतीस, भाऊबीजेच्या दिवशी दुपारी वारला.